माझ्या खुर्चीत बसलेले सर

मार्करचं टोपण उघडलं की त्या उग्र वासाबरोबर अमेरिकेतला मास्टर्सचा पहिला महिना आठवतो. खिडकीबाहेर शहराच्या काचेच्या इमारती चमकत होत्या आणि सत्तरीचे प्रोफेसर बोर्डवर गणित मांडत होते. एक ओळ मला चुकीची वाटली. हात वर केला आणि नागपूरच्या सवयीने ताडकन उभीही राहिले. इथे सगळे बसूनच बोलायचे, त्यामुळे अख्खा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. “सर, ती शेवटची ओळ…” एवढंच कसंबसं म्हणाले. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, मग ते माझ्यापाशी आले, मार्कर माझ्या हातात दिला आणि माझ्याच रिकाम्या खुर्चीत बसून म्हणाले, “ओके, आता तू शिकव.” आता मीही शिकवते. कुणी चूक दाखवली की मार्कर लगेच देते. त्याच्या खुर्चीत जाऊन बसणं मात्र अजून जमलेलं नाही.