वास नसलेला धूर

मॉरवेलमध्ये केल्विन ड्रॉस्टचं नाव निघालं की लोक दोनच गोष्टी सांगतात. एक, त्यानं आमच्या व्हॅलीतल्या सगळ्या कार्पेट धुणाऱ्यांची मशीनं पेट्रोलवरून गॅसवर घेतली. दुसरी, रॉइसची. पहिली तोंड भरून सांगतात. दुसरी सुरू झाली की मी बसलेय हे कुणाच्या तरी लक्षात येतं आणि विषय फुटबॉलकडे वळतो. मी केल्विनच्या वर्कशॉपात सतरा वर्षं फोन घेतले, कागद लिहिले, चहा केला. माझ्यासमोर गप्प बसून काय उपयोग? त्यांना अर्धीच गोष्ट ठाऊक आहे. उरलेली माझ्याकडे आहे आणि ती काही भूषणावह नाही.

केल्विनचे आईबाप हॉलंडहून आलेले. बाप कोळशाच्या विटा पाडायच्या कारखान्यात होता. त्या तपकिरी कोळशाची भुकटी आमच्याकडे कशात नसते ते विचारा. मॉरवेलमध्ये पांढरं कार्पेट घेणारा माणूस एक तर नवा आलेला असतो, नाही तर येडा. केल्विनच्या आईनं जन्मभर चादरी दोन-दोनदा धुतल्या आणि पोरानं मोठेपणी कार्पेटं धुवायचा धंदा काढला. स्वच्छ हा त्याचा लाडका शब्द. चहासुद्धा त्याला 'स्वच्छ' लागायचा, म्हणजे बिनदुधाचा.

हा धंदा असा चालतो. व्हॅनच्या पाठीमागे एक इंजिन. त्यावर पाण्याचा पंप आणि हवा ओढणारा मोठा पंखा. तिथून दोन नळ्या घरात जातात. एकीतून गरम पाणी आत जातं, दुसरीतून घाण बाहेर येते. इंजिन पेट्रोलचं, म्हणून व्हॅनमध्ये पेट्रोलचे डबे. एकदा एका मास्तरीणबाईच्या बैठकीच्या खोलीत केल्विन डबा हाताळून तसाच शिरला. बाई म्हणाल्या, "कार्पेट चकचकीत केलंस रे बाबा, पण आता माझे पडदे पेट्रोल पंपासारखे घमघमतायत." ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. पुढल्या वर्षी त्यानं गॅसचं शिक्षण घेतलं, परवाना काढला आणि पहिलं स्वतःचंच मशीन गॅसवर घेतलं. मग दुसऱ्यांची घ्यायला लागला, आणि कार्पेटं धुणं मागे पडलं.

कामात तो इतका चिकट होता की मला वैताग यायचा. टाकीचे बोल्ट, नळीचं प्रत्येक तोंड, रेग्युलेटर, सगळ्याला साबणाचा फेस दोनदा लावून बुडबुडे बघायचा आणि तिसऱ्यांदा मला बघायला लावायचा. "बाईसाहेब, तुझे डोळे माझ्यापेक्षा खवचट आहेत, बघ जरा," म्हणायचा. त्याच्या हातचा गॅस कधी कुठे गळला नाही, हे मी शपथेवर सांगते. कोर्टातही सांगितलं.

गिऱ्हाईक मशीन न्यायला आलं की त्याचा एक खेळ ठरलेला. इंजिन चालू करायचं, खिशातला पांढरा रुमाल धुराड्यासमोर धरायचा आणि मिनिटभरानं उलगडून दाखवायचा. रुमाल पांढराच्या पांढरा. "बघ. काजळी नाही, वास नाही. या धुरावर पाव शेकून खाल्लास तरी चालेल." लोक हसायचे. मीही हसायचे. त्या रुमालाला इस्त्री मीच करायचे.

रॉइस टबोन त्याचा जुना दोस्त. चौदा वर्षं पेट्रोलचं मशीन चालवत होता आणि गॅसला नाक मुरडत होता. त्या वर्षी हायवेवरच्या मोटेलचं काम त्याच्या हातून गेलं. रॉइस खचला. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. पूर्वी दारात आला की अर्धा तास टवाळी चालायची, आता नुसता खुर्चीत बसून राहायचा. केल्विननंच त्याच्या मागे लागून मशीन गॅसवर करायला आणवलं. जुलैचा महिना, म्हणजे आमच्याकडे कडाक्याची थंडी. तीन दिवसांत काम झालं आणि शुक्रवारी दुपारी रॉइस व्हॅन न्यायला आला. मी टेबलाशी बसले होते, त्यामुळे पुढचं बोलणं शब्दन् शब्द माझ्या कानावर पडलं.

केल्विन म्हणाला, "आता याला घरी तासभर नुसतं चालू दे. नवं अंगवळणी पडलं पाहिजे. मी गॅस मुद्दाम थोडा जास्त ठेवलाय, सोमवारी ये, नीट बसवून देतो."

"तासभर?" रॉइस म्हणाला. "शेजारची म्हातारी जीव घेईल माझा. गेल्या खेपेला कौन्सिलला फोन केला तिनं, आवाज होतो म्हणून."

"मग गाडी गॅरेजमध्ये घे आणि शटर ओढ."

"आत? धुराचं काय?"

"अरे, हे काय तुझं पेट्रोल आहे? याच गॅसवरच्या गाड्या गोदामांत दिवसभर आत माल उचलतात. कुणी मेलंय का? रेडिओवर मॅच लाव आणि ऐकत बस."

रॉइस बऱ्याच दिवसांनी हसला. "तू म्हणतोस म्हणून हां," म्हणाला आणि गेला.

रविवारी ग्लेनिस, त्याची बायको, आईकडे गेली होती. संध्याकाळी घरी आली तर शटर बंद, आत इंजिन चालू, रेडिओ चालू. रॉइस पुढच्या सीटवर मान टाकून बसलेला. तो गेला होता.

बंद गॅरेज, चालू इंजिन, खिशात डॉक्टरच्या गोळ्या. गावाला आणखी काय हवं? कुणी तोंडावर बोललं नाही. बायका खाण्याचे डबे घेऊन आल्या, आवाज खाली करून बोलल्या आणि लगबगीनं गेल्या. रॉइसच्या आईनं मात्र सरळ विचारलं, "शनिवारी तू काय बोललीस माझ्या पोराला?" कारण शनिवारी नवराबायकोचं भांडण झालं होतं आणि ग्लेनिस त्याला म्हणाली होती, "तू घरात असून नसून सारखाच." एवढं एक वाक्य. ते तिनं स्वतःच सगळ्यांना सांगितलं. आपल्या त्या वाक्यानं नवरा मेला, हे तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

पोलीस वर्कशॉपात आले. जोडणी तपासली. कुठे काही गळत नव्हतं, टाकी ठीक, नळ्या ठीक. "काम पक्कं आहे," म्हणाले. रॉइसशी काय बोलणं झालं ते त्यांनी विचारलं नाही, आणि केल्विननं सांगितलं नाही.

दफन झालं नाही, दहन झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी केल्विननं फायर ब्रिगेडमधल्या ओळखीच्या माणसाकडून विषारी वायू मोजायचं यंत्र आणलं. वर्कशॉपातलं एक गॅसवरचं मशीन चालू केलं, मला बाहेर काढलं आणि शटर ओढून आत उभा राहिला. थोड्याच वेळात आतून त्या यंत्राची किंचाळी ऐकू आली. शटर वर गेलं. केल्विनचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"डोळे चुरचुरले नाहीत, व्हेरा," तो म्हणाला. "घशात खवखवलं नाही. काहीच नाही. यंत्र ओरडलं नसतं तर मी तिथेच उभा राहिलो असतो. पेट्रोल असतं ना, तर रॉइस पाचव्या मिनिटाला मला शिव्या घालत दार उघडून बाहेर आला असता. वास होता म्हणून चौदा वर्षं जगला तो."

पुस्तकात असेल हे सगळं. परीक्षेत त्यानं लिहिलंही असेल. पण इतकी वर्षं रुमाल पांढरा निघत राहिला की माणूस पुस्तक विसरतो.

"मी ग्लेनिसला सांगतो," तो म्हणाला.

आणि मी, मी बया, त्याला काय म्हणाले? "कुणी विचारलंय तुला? परवाना जाईल, वर्कशॉप जाईल, आणि तो परत येणार आहे का? विचारतील तेवढंच सांग." त्याच्या भल्याचं बोलते असं मला वाटत होतं. खरं तर मला माझी खुर्ची सुटेल याची भीती होती. आज कबूल करते, तेव्हा कळत नव्हतं.

तो गप्प राहिला. आठ महिने. पण घरी स्वस्थ बसवेना. ग्लेनिसकडे जाऊन लाकडं फोडून द्यायचा, गळकं पन्हाळं दुरुस्त करायचा. ती त्याला चहा द्यायची आणि नवऱ्याचा उद्धार करायची. "पळपुटा मेला. चिठ्ठी तरी लिहायची होती. मला एवढी शिक्षा?" केल्विन चहा पिऊन परत यायचा आणि दुपारचा डबा तसाच मला परत द्यायचा. एकदा म्हणाला, "ती त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवते." मी म्हटलं, "काळ जाऊ दे." माझ्या जिभेला काही हाड?

मार्चमध्ये सुनावणी लागली. असं मरण आलं की आमच्याकडे न्यायाधीशापुढे कारण ठरतं. आमच्या त्या न्यायाधीश बाई शांत होत्या. त्यांनी केल्विनला जोडणीबद्दल विचारलं, त्यानं उत्तरं दिली. "आणखी काही सांगायचंय?" हे त्यांनी सवयीनं विचारलं असावं. मी मनात म्हटलं, नाही म्हण आणि उतर खाली.

"हो," केल्विन म्हणाला. "शटर मी ओढायला सांगितलं होतं."

मग सगळं सांगितलं. तासभर चालव म्हटलं ते, शेजारच्या म्हातारीचं, गोदामातल्या गाड्यांचं, मॅच लाव म्हटलं ते. "मी म्हटलं होतं, कुणी मेलंय का," हेही त्यानं लपवलं नाही. बाईंनी पाणी दिलं. ते न पिता तो म्हणाला, "त्याला मरायचं नव्हतं. तो माझं काम करत बसला होता. सोमवारी माझ्याकडे यायचा होता." आणि खाली बसला. ग्लेनिस ताडकन उठली आणि बाहेर गेली. मला वाटलं, रडायला गेली. मलाही बोलावलं, मी तेच सगळं शब्दन् शब्द सांगितलं. बाईंनी अपघात असं लिहिलं.

पुढे व्हायचं ते झालं. परवाना गेला, वर्कशॉपाला कुलूप लागलं. त्याआधी केल्विन आपण केलेल्या प्रत्येक मशीनच्या मालकाकडे स्वतः गेला आणि दार उघडं ठेवायला सांगून आला. काहींनी त्याला दारातूनच हाकललं. त्यानंतर तो सहा वर्षं जगला. त्या सहा वर्षांत मी त्याला एकदाही मोठ्यानं हसताना ऐकलं नाही. पण लोकांना माहीत नाही ते सुनावणीच्या दिवशीचं, कोर्टाच्या पायऱ्यांवरचं.

ग्लेनिस तिथे उभी होती. मला वाटलं ती त्याला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "तो काय म्हणाला शेवटी?"

"तू म्हणतोस म्हणून हां."

"हसला?"

"हसला."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"दहनाच्या दुसऱ्या दिवसापासून."

"माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायलास तेव्हा माहीत होतं."

"हो."

"त्याची राख मी आणलीच नाही, केल्विन. दहनगृहाचं तीनदा पत्र आलं, गेले नाही. गेल्या महिन्यात त्यांनी कागद पाठवला, नेणार नसाल तर सही करा, आम्ही टाकून देऊ. मी सही केली. म्हटलं, मला सोडून गेला ना, मग जा."

केल्विननं तिचा हात धरायला हात पुढे केला. तिनं आपला मागे घेतला.

"अजून ठेवली असेल," तो म्हणाला. "आत्ता जाऊ या. मी गाडी काढतो."

"मघाशी तू खाली बसलास तेव्हा बाहेर येऊन तिथे फोन केला मी," ग्लेनिस म्हणाली. "पंधरा दिवस झाले म्हणाले."