अक्काच्या बाटल्या

माझी मोठी बहीण, अक्का, धुळ्याला राहायची. कोणाच्याही घरी गेली की येताना मनी प्लांटची एखादी फांदी न विचारता खुडून आणायची. मागून आणलेला जगत नाही म्हणे. खोकल्याच्या औषधाची, लोणच्याची, हाताला लागेल त्या बाटलीत पाणी घालून ती फांद्या खिडकीत मांडून ठेवायची. पांढरी मुळं सुटली की नातवाला दात आल्यासारखा मला जळगावला फोन. "चोरटे, एक दिवस धरून नेतील तुला," मी चिडवायचे.

तिच्या नळाला पाणी आठवड्याने यायचं, कधी त्याहूनही उशिरा. म्हणून बाटल्यांतलं पाणी ती बदलत नसे. कमी झालं की वरून भर घालायची. ही आईची शिकवण. चोपड्याजवळच्या आमच्या गावात आईने उभा जन्म डोक्यावरून हंडे वाहिले होते. पाणी ओतून देणाऱ्या लेकीच्या पाठीत तिचा धपाटा ठरलेला. मी धपाटे खाऊनही सुधारले नाही. अक्का गुणाची होती.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना ती डेंग्यूने गेली. ताप आला म्हणून दवाखान्यात नेली, ती घरी आलीच नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाला आम्ही सगळे जमलो होतो, तेव्हाच आरोग्यसेविका घर तपासायला आल्या. टाकी, माठ, कूलर बघून झाल्यावर एकीने खिडकीतली बाटली पांढऱ्या वाटीत ओतली. अळ्या वळवळत होत्या. दुसरीतही तेच. दाजी वेड्यासारखे एकेक बाटली अंगणात भिरकावू लागले. गलका ऐकून आई स्वयंपाकघरातून आली आणि शेवटची बाटली तिने पोटाशी धरली. "जावईबापू, एवढी ऱ्हावू द्या. तिना हात लागेल शे."

काय झालं, असं तिने मला विचारलं. मी घाईने म्हटलं, "मागच्या गटारातले डास गं. बाटल्यांवर उगाच राग काढताहेत." कोणता डास कुठल्या पाण्यातला, हे कोण सांगणार? पण ती बाटली आणि ते धपाटे आईच्या मनात एकत्र येऊ नयेत, एवढंच मला हवं होतं. एक गेली होती. दुसरी मला झुरून घालवायची नव्हती.

आईला मी माझ्याकडे आणलं, बाटलीसकट. ओट्यावरच्या खिडकीत ती ठेवली. आणि थेंब वाया न घालवणारी ही बाई रोज सकाळी त्यातलं सगळं पाणी मोरीत ओतायला लागली. बाटली ब्रशने घासायची, फांदी नळाखाली धरायची, मुळं अंगठ्याने पुसायची. बुळबुळीत लागलं की पुन्हा पुसायची. जरा कोवळं मूळ सुटलं की तुटून पाण्याबरोबर जायचं. हंडे दिवसभर पालथे. उन्हाळ्यात घराची भट्टी झाली तरी कूलरमध्ये पाणी भरू दिलं नाही. "आई, मुळांना हात लावू नको," मी सांगून थकले. दुःखाने हेकट झालीय, असं मी धरून चालले होते. फांदी मातीत लावू म्हटलं, तर लावायला मुळं तरी कुठे होती!

परवा फांदी बुडापासून काळी पडली. घाण वास यायला लागला. माझं डोकंच फिरलं. "तिची एवढी एक वस्तू होती," मी ओरडले, "तीही घासून घासून मारलीस!"

आई बाटली घासतच राहिली. वर न बघता म्हणाली, "गटारना डास, गटारना डास करस तू. पानी फेकानं नही, हाई तिले कोन शिकाडं?"

तिने रिकामी बाटली नळाखाली धरून काठोकाठ भरली आणि लगेच मोरीत ओतून टाकली.