ठिपक्यांमधली रेघ

"एक डोळा मीट, मग बघ." तारापूरच्या रंगाच्या कारखान्यात रुजू झालो, तेव्हा काकांनी मला सांगितलेली ही पहिली गोष्ट.

काका दातिवऱ्याचे, मासेमारांच्या घरातले, आणि आमच्या प्रयोगशाळेत सर्वांत जुने. पावडर किती तास वाळवली की ओलावा किती उरतो, त्याचे ठिपके ते आलेखाच्या कागदावर मांडत. मग जाळ्याचा पारदर्शक तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, दोन हातांत ताणून त्यावर धरत, एक डोळा मिटून सरकवत राहत आणि मनासारखा बसला की पेन्सिलीने रेघ मारत. पट्टी चालत नसे, कारण तिच्याखाली निम्मे ठिपके झाकले जातात. एका रेघेला अर्धा तास. तुमच्याही कामाच्या जागी असं एखादं माणूस असेल, ज्याच्यावर तेव्हा आपण वैतागतो आणि नंतर त्याच्यावाचून करमत नाही.

नव्वदच्या आसपास कॉम्प्युटर आला. मी संख्याशास्त्र शिकलेला, नोकरी अजून कच्ची. आकडे भरले, कळ दाबली आणि प्रिंटरने करकरत रेघ काढून दिली. माझी कॉलर ताठ. पण आमच्या रेघा जुळेनात. एक ठिपका सगळ्यांपासून लांब, वर बसला होता. कॉम्प्युटरची रेघ त्याच्याकडे ओढली गेली होती. काकांनी त्याला सोडून दिलं होतं.

"त्या दिवशी काय झालं ते शोध," काका मला म्हणाले. "पावडर अशी वागनारी नाय."

मला शोधायची गरज नव्हती. ते वजन मीच केलं होतं. बोईसरची बस चुकेल म्हणून भट्टीतून काढलेली पावडरची बशी गार न होऊ देता काट्यावर ठेवली होती. गरम बशी वजनाला कमी भरते, म्हणून पाणी जास्त उडालंसं वाटतं आणि ओलावा जास्त दिसतो. हे मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो.

साहेबांनी बैठक घेतली आणि कॉम्प्युटरची रेघ धरली. काकांची नजर गेली असं ठरवून त्यांना गोदामात पाठवलं. त्या बैठकीत नोंदवही काकांच्या समोरच उघडी होती आणि त्या आकड्यापुढे माझी सही होती. काकांनी ती वाचली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वही मिटली.

मी कायम झालो, ते निवृत्त झाले. त्यांची फार आठवण यायची, आणि तितकीच लाजही वाटायची. धीर गोळा करून दातिवऱ्याला गेलो, तोवर पाच वर्षं उलटली होती. त्यांची मुलगी अंगणात बोंबील वाळत घालत होती. काका जाऊन आठ महिने झाले होते.

मी नाव सांगितलं. तिने हात धुतले.

"बाबा बोलायचे, तो येल एक दिवस. त्याला चहा पाज आन काय इचारू नको."

मी चहा प्यालो. तिने काही विचारलं नाही.