चार महिन्यांचे गहू

जगतपुऱ्यातल्या पिठाच्या गिरणीत तो मला एकदाच भेटला. चाळिशीचा असेल. त्याने स्कूटरवरून दहा-दहा किलोंच्या चार पिशव्या उतरवल्या. गहू इतके स्वच्छ निवडलेले, की मला शोधूनही खडा सापडला नाही.

"एक अभी पीस दो, भैया. बाकी हर महीने एक. मैडम ले जाएँगी."

"मैडम?" गिरणीवाला हसला. "बारह साल में एक बार नहीं आईं! आप कहाँ चले?"

"मायके."

गिरणीवाला आणखी हसणार होता, पण त्या माणसाचा चेहरा पाहून थांबला. मग त्या माणसानेच शांतपणे सांगितलं. बायको सीतापुऱ्यातल्या कारखान्यात मॅनेजर, घर आणि स्वयंपाक त्याच्याकडे. भांडण कधी झालं नाही, बोलणंच संपत गेलं. आता दोघं वेगळे होत होते.

आमच्या घरी गहू कोण निवडतं हे मला ठाऊक आहे. किती वेळ लागतो, ते नाही. चाळीस किलोंचा हिशेब मला काही मांडता येईना.

पीठ पडू लागलं तशी त्याने चिमूटभर बोटांत चोळून पाहिलं.

"और बारीक, भैया," तो म्हणाला. "मोटे आटे की रोटी भी वो चुपचाप खा लेती हैं. बताएँगी नहीं."