आतलीले इचारू द्या

"थांबा बापा, आतलीले इचारू द्या."

एवढं म्हणून ती ताजवा हातात तसाच धरून ठेवायची, मान डावीकडे कलती करायची आणि डोळे अर्धे मिटायची. माजघरातून कुणी हाक मारली की चुलीपुढची बाई जशी कान देते, अगदी तशी. गिऱ्हाईक पिशवी उघडून उभं. मग मान सरळ व्हायची आणि निकाल लागायचा. "नका नेऊ हे वांगे. वरून झ्याक दिसून राह्यले, पण कालचे आहेत. आतली नाही म्हणते."

चिखलीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, दुकानाच्या बरोबर समोर तिची भाजीची पाटी असायची. सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची. मी इथे नवा आलो तेव्हा माझी पक्की समजूत झाली होती की तिच्या पाठीमागच्या पत्र्याच्या खोलीत तिची सासू अंथरुणाला खिळलेली आहे आणि सगळा कारभार अजून तिच्याच हुकमाने चालतो. शेजारधर्म म्हणून एकदा विचारलं, "आतल्या बाईंना आता बरं आहे का? डॉक्टर कोणता लावलाय?"

ती इतकी हसली की हातातली कोथिंबिरीची जुडी खाली पडली.

"अवो झेरॉक्सवाले भाऊ, मांगं त कांद्याचे पोते आहेत! आतली म्हंजे इथली," तिने छातीवर थाप मारली. "काऊन, तुमच्यात नाही काय?"

"असेल," मी म्हणालो, "पण माझी काही फारशी बोलत नाही."

"बोलते. तुमची मशीनच लय आवाज करते."

मी देवधर्माच्या फारसा वाटेला जाणारा माणूस नव्हे. दुकानात गणपतीचा फोटो आहे, पण तो आधीच्या भाडेकरूचा. त्यामुळे असल्या बोलण्याची मी टिंगल करायचो. पण एक सांगतो, तुम्हीही बघा: ज्या माणसाची आपण रोज टिंगल करतो, तो एक दिवस दिसला नाही की आपल्यालाच करमत नाही. ती पाटीवर नसली की माझी सकाळ आळणी जायची.

पाटी मांडण्याआधी ती देवीच्या देवळात जाऊन बसायची. एकदा मी विचारलं, "काय मागता एवढं रोज रोज?"

"मांगत नाही काही. तिच्यापुढं बसलं की मनातला बाजार उठते. मंग बारीक आवाजबी ऐकू येते."

त्यांचा मळा अमडापूरच्या रस्त्याला, घरही तिथेच. नवरा सकाळी मोटारसायकलवर भाजीची पोती बांधून आणायचा, आणि तिने परत पाठवलेल्या गिऱ्हाइकांच्या कहाण्या ऐकून कपाळावर हात मारायचा. "हिच्या आतलीले एक डाव बाजारात बसवतो अन् इकूनच टाकतो!"

"कोणी घेनार नाही," ती शांतपणे कांद्याची पात निवडत म्हणायची. "लय खर्चिक आहे ते."

मळ्यातली पहिली तोड देवीची, असा त्यांच्या घरचा रिवाज होता. एका वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर तिने पहिली भरताची वांगी ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली होती. गल्लीतली एक सून दिवस भरत आलेली. ती फडक्याकडे बघून नुसती म्हणाली, "मावशी, खरपूस भाजलेलं भरीत खावंसं वाटतंय." झालं. ताजवा थांबला, मान कलती झाली, आणि फडकं सुटलं. नवरा नेमका तेव्हाच आला.

"देवीचा नवैद्य पोरीले देला?"

"देवीलेच देला. मायले उपाशी ठेवून तिले भरीत चारलं असतं, त तिनं मलेच धरलं असतं."

"अन् हे तुले देवीनं सांगतलं?"

"तिनं आतलीले सांगतलं. आतलीनं मले."

त्याने रिकामं फडकं उचलून झटकलं. वरच्या कचेरीतूनच हुकूम आलेला.

आणि हे सगळं भाजीपुरतं असतं तरी चाललं असतं. एकदा भजनी मंडळातल्या एका बाईने नवा अभंग म्हटला आणि सगळ्यांबरोबर मावशीही "वा, काय गोड!" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या बाईच्या दारात हजर. "काल म्या गोड म्हणलं ते खोटं होतं वं माय. तुहा आवाज बसला होता. रातभर आतलीनं मले झोपू देलं नाही. हे घे, खडीसाखर आणली." ती बाई कितीतरी दिवस हिच्याशी बोलली नाही, पण खडीसाखर मात्र तिने खाल्ली.

आता तुम्हाला वाटेल, अशा खऱ्या बाईचा गल्लीला केवढा अभिमान असेल. अभिमान कसला? गल्लीला तिची धास्ती होती. कारण आपल्याकडची स्थळाची चौकशी. मुलगी द्यायची किंवा करायची म्हटलं की पाहुणे आधी घरी येत नाहीत, कोपऱ्यावर थांबतात. आणि आमच्या कोपऱ्यावर ही! एका घरच्या मुलाची चौकशी करायला मंडळी आली, तर हिने कान देऊन सांगितलं, "पोरगा लाखात एक आहे. पण मायले इचारल्याबिगर च्याबी पेत नाही." ते पाहुणे गल्लीत शिरलेच नाहीत, तिथूनच जीप वळवली.

तेव्हापासून गल्लीने एक तोड काढली. अमडापूरच्या बाजाराच्या दिवशी मावशी पाटी घेऊन तिकडे जायची. बस्स, पाहुण्यांना बोलवायचं ते त्याच दिवशी. आमच्याकडे मुहूर्त पंचांगात निघत नसे, अमडापूरच्या बाजारात निघायचा.

मग पाळी आली माझ्या मुलीची.

मुलगी लॅबमध्ये नोकरीला. आधी एकदा तिचा साखरपुडा होऊन मोडला होता, आणि तो तिनेच मोडला होता. नवं स्थळ आलं ते लोणारचं. मुलाचं तिथे कृषी केंद्र, माणसं सरळ. दोघं एका नातेवाइकाकडे भेटली, फोनवर बोलू लागली. एरवी खाली मान घालून जेवणारी आमची मुलगी पोळ्या लाटताना गुणगुणायला लागली. हे जमावं असं मला फार वाटत होतं. अगदी पोटातून वाटत होतं.

"मुलाला मी सांगितलंय मोडल्याचं," ती म्हणाली. "त्याच्या घरच्यांनाही आपण सांगून टाकू ना, बाबा."

पण तिचे मामा अशा कामातले जाणकार. त्यांनी घरात फर्मान काढलं, "इचारलं त सांगू, नाही इचारलं त गप. अन् बोलवा बाजाराच्या दिवशी."

पाहुणे आले आदल्याच दिवशी.

मी दुकानात होतो. मशीनमध्ये कागद अडकलेला, माझा हात कोपरापर्यंत आत. समोर जीप थांबली. मुलाची आई उतरली, मागोमाग त्याचे काका. आणि दोघं सरळ मावशीच्या पाटीपुढे. मी हात ओढून काढला आणि काळ्या बोटांनीच रस्ता ओलांडला. पोचलो तेव्हा काका विचारत होते, "झेरॉक्सवाल्यांची मुलगी कशी आहे? आधी कुठं जमून मोडलं वगैरे होतं का?"

ताजवा थांबला. मान कलती झाली. इतका वेळ कान देताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी मी आधीच्या भाडेकरूच्या गणपतीलाही मनातून हात जोडले.

"पोरगी चांगली आहे," मावशी म्हणाली. "बाकीचं मले ठाऊक आहे, पण मी नाही सांगनार."

"म्हणजे काहीतरी आहे," काका म्हणाले.

"आहे ना. पण ते तिचं आहे. दुसऱ्याच्या टोपल्यातलं म्या कसं इकू? चला, तिलेच इचारा. तिचं ते सांगन." आणि पाटीवर ओलं पोतं टाकून ती पुढे चालायला लागली. माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, च्या ठेवाले सांगा घरी."

जन्मभर ज्या बाईच्या तोंडाला झाकण नव्हतं, तिने आज नेमकं झाकण ठेवलं होतं. आणि तेही असं, की आत काहीतरी शिजतंय हे सगळ्यांना कळावं! मला तिचा राग आला. खोटं बोलायचं नव्हतं तर निदान सगळं सांगून मोकळी तरी व्हायचीस, असं वाटलं.

मुलगी नुकतीच लॅबमधून आली होती. मावशीने तिला समोर बसवलं. "पाहुन्याईले काही इचाराचं आहे. तुले सांगाचं असन त सांग."

मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही, मामांकडे तर नाहीच. म्हणाली, "माझा एकदा साखरपुडा झाला होता. मी मोडला. त्यांनी लग्नानंतर नोकरी सोडायला सांगितली होती. मी हो म्हणाले. आणि घरी आल्यावर मला झोपच लागेना. आई म्हणायची, होईल सवय. मला कळत होतं की मी खोटं हो म्हटलंय. म्हणून मग खरं नाही म्हटलं."

मुलाच्या आईने हातातला चहाचा कप खाली ठेवला. उंच, सावळी, कमी बोलणारी बाई. मग म्हणाली, "नोकरी लोणारलाही कर, आमचं काही म्हणणं नाही. पण पोरी, मला आज हो म्हणू नको. आज रात्री झोप. झोप लागली तर सकाळी कळव."

मावशीने खालचा ओठ दाताखाली धरला होता. हसू आवरत होती.

दुसऱ्या दिवशी आमची मुलगी नऊ वाजले तरी उठली नाही. बायको उठवायला निघाली तर मी तिचा हात धरला. दारात दोघं उभे राहून आम्ही तिच्याकडे बघत होतो, लहानपणी बघायचो तसे. शेवटी मीच लोणारला फोन लावला. "मुलगी झोपली आहे हो अजून," एवढंच म्हणालो, आणि पलीकडे विहीणबाई मोठ्याने हसल्या.

नंतर मी मावशीला विचारलं, त्या दिवशी एकदम गप्प कशा बसलात? ती म्हणाली, "मी त सांगनारच होती, भाऊ. आतलीनं तोंडावर हात ठेवला. म्हणे, खरं सांगाचंबी ज्याचं त्याले सांगू द्याव."

लग्नात आणखी एक गंमत कळली. पंगतीत मी विहीणबाईंना म्हणालो, तुम्ही त्या वेळी एक दिवस आधीच आलात, आमची तारांबळ उडाली. त्या म्हणाल्या, "तुमच्या गल्लीत बाजाराच्या दिवशीच कामून बोलावतात, हे आमच्याकडं लोणारपर्यंत माहीत आहे. म्हणून तर आदल्या दिवशी आलो. त्या बाईला विचारल्याबिगर तुमच्या गल्लीतली सोयरीक कोण करतो?" आम्ही इतकी वर्षं जिला लपवत होतो, तीच गल्लीची पत होती!

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. देवळातून आली, पाटी मांडायला निघण्याआधी जरा टेकते म्हणाली, आणि टेकली ती टेकलीच. निरोप आला तसं मी मळ्यावर जाऊन पोचलो. अंगणात माणसं जमली होती. बाई गेली की अखेरचं लुगडं तिच्या माहेराहून यावं लागतं. म्हाताऱ्या बायका तेच विचारत होत्या. नवरा म्हणाला, "तिच्या माहेरचं आता कोणीच नाही राह्यलं. घरातलंच काढा एखांदं."

तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. माझी मुलगी उतरली आणि मागून विहीणबाई. त्यांच्या हातात पुडकं होतं. निरोप मीच फोनवर कळवला होता, आणि मावशीला माहेरचं कुणी उरलं नाही हे मुलीला ठाऊक होतं. वाटेत एका दुकानदाराला घरून उठवून त्यांनी दुकान उघडायला लावलं होतं.

"तुमी कोण?" नवऱ्याने विचारलं. त्याने त्यांना ओळखलं नव्हतं.

"मी लोणारची. हिच्या भरवशावर सून केली मी. हिला माहेर नाही म्हणे? कामून नाही? मी आहे ना."

त्याने पुडकं उघडलं. सवाष्ण गेली म्हणून लुगडं हिरवं होतं. त्याने ते हातावर उलगडलं. "जनमभर हिरवंच इकलं हिनं," तो म्हणाला, "पण नेसाले कधी नाही घेतलं. म्हणे, पालकाच्या जुड्याईत बसली त मी दिसनार नाही कोणाले."

अंगणात कुणीतरी हसलं. मग माझी मुलगी हसली, आणि मग तो स्वतःही. डोळे पुसून त्याने लुगडं परत विहीणबाईंच्या हातात दिलं, आणि त्या दोघी सासूसुना ते घेऊन आत गेल्या.