शिखराखालचा चहा

नवं राज्य झालं त्या सुमारास लोणारच्या सरोवराच्या काठावर एक म्हातारा चहा विकायचा. खाली देवळाकडे उतरलेलं शेवटचं माणूस वर येईपर्यंत तो स्टोव्ह विझवत नसे.

एका संध्याकाळी माझे वडील खालून येईचनात. जीव टांगणीला लागला होता. आले की चांगलंच सुनावणार होतो.

म्हातारा सांगू लागला. फौजेत असताना, तोवर कुणीच न चढलेल्या एका हिमशिखराखाली तो तंबूत चहा करायचा. वर गेलेले दोन साहेब फार उशिरा परतले.

"मग शिखर चढले का ते?"

"मी इचारलंच नाही, भाऊ. वापस आले, त्यायले चहा देल्ला."

तेवढ्यात झाडीतून वडिलांची पांढरी टोपी दिसली. ते धापा टाकत वर आले. उशीर का झाला, हे मीही विचारलं नाही. चहाचा कप पुढे केला.