ओलं पोतं

फसलेली गाडी आणि आपला ट्रॅक्टर यांच्यामध्ये पट्टा बांधून झाला, की तो आधी त्यावर ओलं पोतं टाकी. समुद्रात बुचकळून काढलेलं, पाण्याने जड झालेलं ते गोणपाट तो दोन्ही हातांनी उचलून आणी आणि तापलेल्या लेकराच्या कपाळावर घडी ठेवावी तसं पट्ट्याच्या मधोमध ठेवी, तुटलाच तर पट्टा त्या भाराने उसळू नये म्हणून. मग सरळ उभा राहून म्हणे, "आता मागे सरा. दोर सुटलो काय तो कोणाक ओळखणा नाय."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यातला अर्थ ऐकणं माझ्या कानांनी सोडून दिलं होतं. उरली होती ती केवळ त्याची लय. आज ते शब्दाशब्दाने परत येतं आणि लिहिता हात थांबतो.

आचऱ्याच्या किनाऱ्यालगत आमचं घर. घरातल्या दोन-तीन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. तुम्हीही असे कुठेतरी उतरला असाल, तर तुम्हाला ठाऊक असेल, की सुरूच्या बनापलीकडची वाळू वरून किती शहाण्यासारखी दिसते: घट्ट, ओलसर, रस्त्याइतकी सपाट. पाहुणे गाडी घेऊन तिच्यावर उतरतात आणि ती सावकाश चाकं गिळू लागते. मग मी त्याला फोन करी. माझा आवाज ऐकताच तो विचारी, "वयनीनू, आज कोण रुतलो?" आणि माझं उत्तर पुरं होण्याआधी ट्रॅक्टरचा धडधडाट फोनमधून ऐकू येई.

ट्रॅक्टरमागे एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात वाळूसाठी रुंद पट्टा, पक्क्या रस्त्यासाठी साखळी आणि घाटउतारासाठी लोखंडी दांडा. गाडी कुठे आणि कशी बंद पडली हे ऐकल्याशिवाय यातलं काहीही बाहेर येत नसे. पट्टा काढला की तो अंगठा आणि बोटं यांच्यामधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत नेई, अबोलीचा वळेसर ओवणारी बाई फुलं चाचपते तसा. शिवण कुठे उसवली असेल, कालवाच्या शिंपल्याच्या धारेने काठ कापला असेल, मिठाने धागा कडक झाला असेल, तर तो तिथल्या तिथे कोयत्याने पट्ट्याचे तुकडे करी. ठेवून दिला तर उद्या कोणीतरी घाईत उचलील, ही त्याची भीती. ते तुकडे त्याच्या परसातल्या केळींना आधार होऊन राहत.

एकदा मिठबावच्या उतारावर आंब्याच्या पेट्यांनी भरलेला टेंपो ब्रेक जाऊन अडला होता. मी मागच्याच गाडीत होते. चालकाने स्वतःच दोरखंड काढून ठेवला होता आणि उतारच तर आहे, गाडी अलगद खाली जाईल, असं तो परोपरीने पटवत होता. आमचा माणूस पेटीतून दांडा काढता काढता एवढंच म्हणाला, "रशी ओढता. अडवणा नाय." त्या उतारावर कच्च्या आंब्याचा, तापलेल्या रबराचा आणि माणसांच्या घामाचा मिळून एक वास होता. त्या चार शब्दांनंतर वाद संपला.

थट्टाही करी. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेल्या एका जोडप्याची गाडी रुतली, तेव्हा हौशी नवरदेव पट्ट्याच्या अगदी जवळ उभा राहून गाडी निघताना टिपायला सज्ज झाला. यंत्र बंद करून हा खाली उतरला आणि त्याचा खांदा धरून म्हणाला, "नवरोबानू, आधी लगीन लावा, मगे तंगडी मोडून घेया." नवरी इतकी हसली, की तिचा पदर ओला झाला हेही तिच्या लक्षात आलं नाही.

पण त्याची खरी झुंज परक्यांशी नव्हती. आपल्याच माणसांशी होती. आमच्या किनाऱ्यावर रापण लागते तेव्हा जाळ्याचे दोर दोन बाजूंनी ओढले जातात आणि दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा मिळतो. वाटेने जाणाऱ्यानेही हात लावावा, वाटा घ्यावा, अशी रीत. त्यामुळे वाळूवर दोर ताणलेला दिसला, की इथल्या माणसाचे हात आपोआप त्याच्याकडे जातात. गाडी ओढली जात असतानाही माणसं धावत येत, दोर धरू पाहत. तो ओरडून त्यांना हाकली. "ही रापण न्हय. हयसर वाटो गावाचो नाय, हात मात्र जातलो."

त्याच्या वडिलांचं तर आयुष्यच रापणीत गेलेलं. आता डोळ्यांत सारा धुक्याचा पडदा. दिवसभर होड्यांच्या खोपीत बसून ते समुद्र ऐकत. ओढणाऱ्यांची हाक कानी पडली की मात्र उठून चालू लागत. "बाबांका झोपेत दोर दिलो तरी ओढतले," असं तो हसत सांगे. आम्हीही हसत असू.

त्या दुपारी आमच्याकडे उतरलेल्या पाहुण्याची गाडी पाण्याच्या रेषेजवळ रुतली आणि भरती सुरू झाली. मी फोन केला. तो आला, पण ट्रॅक्टरवरून उतरताच त्याने रिकामे हात दाखवले. सकाळीच पट्ट्याची शिवण गेलेली दिसली म्हणून त्याने तो कापून टाकला होता. नवा सावंतवाडीहून संध्याकाळच्या गाडीने येणार होता. साखळी आखूड पडत होती.

जवळच रापणीची माणसं जाळी सुकवत होती. त्यांच्याकडे नायलॉनचा नवाकोरा दोर होता. त्यांच्यातल्याच त्याच्या चुलतभावाने तो पुढे केला. होडी ओढतो, तर गाडी का ओढणार नाही, असं त्याचं म्हणणं. हा म्हणाला, "होडी सरकत येता. गाडी रुतान रवता. हो दोर ताणत जातलो, ताणत जातलो, आणि मगे..." पाहुण्याकडे वळून त्याने शांतपणे सांगितलं, की गाडी जाऊ दे, गाडी दुसरी मिळेल. पाहुणा हात जोडून उभा होता. लाटेचा फेस मागच्या चाकांना शिवला.

चुलतभावाने आपला ट्रॅक्टर आणला, दोर बांधला, त्याला लोखंडी कडी अडकवली. यावर याने वाद घातला नाही. पोतं घेऊन तो समुद्रात गेला, ते भिजवलं, दोराच्या मधोमध टाकलं. "बांधलसच, तर ह्या तरी असांदे." मग दोन्ही हात पसरून लोकांना मागे रेटत राहिला. मलाही त्याने सुरूच्या खोडामागे उभं केलं.

ट्रॅक्टर गुरगुरला. दोर वाळूतून उठला, थेंब उडवत बारीक होत गेला. कोणीतरी सवयीने हाक दिली: ओढ. आणि लोकांना रेटताना त्याची पाठ होती त्या बाजूने, खोपीतून, त्याचे वडील आले. चेहरा आकाशाकडे, पावलं अचूक. त्यांनी दोर दोन्ही हातांनी धरला.

तो वळला आणि धावला. म्हाताऱ्याची बोटं सुटेनात, म्हणून त्याने एका हाताने दोर धरला आणि दुसऱ्याने त्यांना वाळूत लोटलं.

आवाज एकच झाला, कोरडा. त्यानंतर जळक्या नायलॉनचा वास आला आणि समुद्र जणू कोणी हाताने बंद केला. तो गुडघ्यांवर बसलेला दिसला. बसला आहे, असंच मला वाटलं. दमला असेल, असंही वाटलं. तुटलेल्या दोराची कडी त्याच्या छातीवर बसली होती, हे कळायला मला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. वाळूत पडलेले वडील हाताने चाचपत विचारत होते, "कित्याक ढकललंस रे माका?" त्यांनी पुन्हा विचारलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती गाडी होती तिथेच होती. समुद्राने ती नेलीच नव्हती. काचेवर शेवाळाचा एक धागा होता, इतकंच. मी तिच्याकडे पाहत राहिले आणि मला रडूही येईना.

सुतक फिटल्यावर रापण पुन्हा लागली. मासळी चांगली आली. वाळूवर वाट्यांचे ढीग पडले, बांगडे आणि तारली, उन्हात चांदीसारखे. चुलतभावाने ढीग लावता लावता एक थोडा दूर लावला. वडील चालत आले. त्यांचा पाय त्या ढिगाला लागला. त्यांनी वाकून मासळी चाचपली.

"हो वाटो कोणाचो?"

"दोराक हात लावलेलो तेचो," चुलतभाऊ म्हणाला.

म्हातारे तिथेच खाली बसले. वर कावळे घिरट्या घालू लागले होते. चुलतभाऊ पाण्यात गेला आणि पोतं भिजवून घेऊन आला. त्याने ते त्या ढिगावर अलगद ठेवलं. आतल्या एखाद्या बांगड्यात अजून जीव होता. पोतं जरासं हललं, पुन्हा हललं, आणि मग पाणी निथळत निपचित राहिलं.